कोरी पत आणि मोठं मशीन

लाँड्रीवाल्या काकूंना अख्खी गल्ली फौजदारकाकू म्हणायची. तोंडावर नुसतं काकू, पाठ वळली की फौजदारकाकू. पोलिसखात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की समोरच्या चौकीतल्या हवालदाराचा गणवेश त्यांच्याकडे इस्त्रीला यायचा. पण उलटतपासणीत त्यांनी त्या हवालदाराला सहज खिशात घातलं असतं. साबणाची गोणी घेऊन कुणी आलं की त्या आधी गोणीची शिवण बघायच्या. "हा दोरा मध्येच पांढऱ्याचा निळा कसा झाला? उघडली होतीस ना?" गोणीवाला शपथा घेऊन घेऊन थकायचा, आणि तोपर्यंत काकू गोणी काट्यावर चढवून मोकळ्या झालेल्या असायच्या.

हा स्वभाव काही त्या जन्मासोबत घेऊन आल्या नव्हत्या. लग्न नवं असताना नवऱ्यानं हौसेनं हप्त्यावर शिलाई मशीन आणलं होतं. हप्ते वेळच्या वेळी गेले. मग एक दिवस दुकानाचा मालक बदलला, आणि नवा मालक दोन धटिंगण घेऊन दारात उभा राहिला. "पावत्या दाखवा." पावत्या कुठल्या दाखवणार? जुना मालक भला माणूस, पैसे घ्यायचा आणि गोड हसायचा. मशीन उचललं गेलं तेव्हा सुईखाली अर्धवट शिवलेलं झबलं अडकलेलं होतं. ते सोडवून घ्यायलाही त्या लोकांनी वेळ दिला नाही. झबल्यासकट मशीन गेलं.

तेव्हापासून काकूंच्या घरात हप्ता हा शब्द शिवीसारखा झाला. नवरा गेला, मुलगा मोठा होऊन लांब पल्ल्याचा ट्रक चालवू लागला, घरात सून आली, दुकानाला शेजारचा गाळा जोडला गेला, तरी नियम तोच. पैसे जमले तर वस्तू घ्यायची, नाही जमले तर वस्तूवाचून भागवायचं. इस्त्र्या रोख, पंखे रोख, घराचं छप्परसुद्धा रोख, तेही अर्धं एका उन्हाळ्यात आणि उरलेलं पुढच्या.

अशा या काकूंच्या दुकानात एक दिवस बसस्थानकामागच्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर स्वतः आला. अत्तराचा वास त्याच्याआधी आत शिरला.

"काकू, तुमच्या कामाची फार कीर्ती ऐकली."

पहिली पाल तिथेच चुकचुकली. काकूंच्या कामाची कीर्ती गल्लीच्या टोकापर्यंतही पोचलेली नव्हती, ती हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर कशी चढली? पण मॅनेजर पुढे जे बोलला ते ऐकून पालीनं तोंड मिटलं. हॉटेलच्या सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल, रोजच्या रोज, बारा महिने. अडचण एकच. काकूंची दोन घरगुती मशीनं एवढ्या कामाला पुरणार नव्हती.

"मोठं मशीन घ्या, काम तुमचं," मॅनेजर म्हणाला. "तोवर थोड्या थोड्या चादरी पाठवतो. हात बसेल."

रात्रीच्या जेवणाला काकूंचं लक्ष नव्हतं. दुकानाचा हिशेब सून सांभाळायची. मितभाषी, पण आकड्यांना पक्की. तिनं आमटी वाढता वाढता म्हटलं, "आई, एवढी रक्कम रोख जमवायची तर अजून सहा-सात वर्षं जातील. बँकेत विचारून बघायचं का?"

"बँक काय तुझी मावशी लागते?" काकू म्हणाल्या. पण दोन दिवसांनी चांगली साडी नेसून त्याच पुढे निघाल्या.

कर्जविभागातला अधिकारी तरुण होता. काकूंना बसायला खुर्ची दिली, मग त्याची नजर सुनेकडे गेली आणि तो हसला. "अरे, तू आहेस होय! ये ना, बस." सून त्याच्याच शाळेतली निघाली, एकाच वर्गातली. काकूंनी ते हसू नीट जपून ठेवलं, पुढे कामाला येईल म्हणून.

अधिकाऱ्यानं कागद घेतले, प्रश्नांवर प्रश्न विचारले, संगणकावर बराच वेळ काहीतरी पाहिलं आणि मान हलवली.

"काकू, तुमच्या पतीचा काहीच इतिहास नाही हो."

काकू ताठ झाल्या. "ते जाऊन वर्षं लोटली. सरळ मार्गानं चालणारा माणूस. त्यांचा कसला इतिहास असणार? आणि असला तरी तुम्हाला काय करायचाय?"

"नाही नाही, तुमचे पती नव्हे! पत, पत! बाजारातली तुमची पत." तो बिचारा लाल झाला. सुनेनं पदराआड हसू दाबलं. "तुम्ही आजवर कुठून कर्ज घेतलेलं नाही, हप्ता भरलेला नाही. त्यामुळे तुम्ही फेडणाऱ्यांतल्या की बुडवणाऱ्यांतल्या, हे कळायला आम्हाला मार्गच नाही."

"म्हणजे जन्मभर कुणाचा एक पैसा ठेवला नाही, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही. नुसती कोरी पाटी आहे. कोऱ्या पाटीवर एवढं मोठं कर्ज देता येत नाही." त्यानं मार्ग सांगितला. काकूंची बँकेत जी ठेव होती, ती तारण ठेवून छोटं कर्ज घ्यायचं, त्यातून एखादी गरजेची लहान वस्तू घ्यायची आणि वर्षभर हप्ते ठरल्या तारखेला भरायचे. "एकही चुकवायचा नाही. मग तुमच्या नावापुढे काहीतरी लिहिलेलं असेल. तेव्हा मोठं मागा."

"पैसे माझेच, ठेवलेले तुमच्याकडे, आणि व्याज मीच भरायचं?"

"थोडं व्याज जाईल, खोटं कशाला बोलू? पण ते पैशासाठी नाही, ओळखीसाठी."

काकू तरातरा बाहेर पडल्या. बँकेच्या पायऱ्या उतरल्या आणि रस्त्यातच तोफ सुरू झाली. "तुमचं दोघांचं आधीच ठरलं होतं! तो हसला तेव्हाच कळलं मला. किती मिळतात तुला एका गिऱ्हाइकामागे?"

सून जागच्या जागी थांबली. बाजूनं जाणारी माणसं वळून बघू लागली.

"आई, मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी कुणी काही करायला लागलं की मी आधी पाकीट तपासते."

 घरी आल्यावर सुनेनं गल्ल्याच्या किल्ल्या काकूंसमोर ठेवल्या. "उद्यापासून हिशेब तुम्हीच बघा," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती इस्त्री करायची, घड्या घालायची, पण पैशाला हात लावायची नाही. गिऱ्हाईक सुट्टे मागायला लागलं तरी म्हणायची, "आईंना विचारा."

घरात असा अबोला, हिशेबाचा सगळा घोळ, आणि नेमका तेव्हाच मशीनचा विक्रेता उगवला. मॅनेजरनंच पाठवलं म्हणाला. पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, हातात मशीनची रंगीत चित्रं.

"बँकेत गेला होतात? कशाला गेलात काकू! ते लोक तुमच्यासारख्या कष्टकरी माणसाला नुसते खेटे घालायला लावतात. आमची कंपनीच कर्ज देते. पत नको, तारण नको. हप्ता हॉटेलच्या बिलातून परस्पर कापून घेऊ, तुम्हाला कळणारही नाही. फक्त सोमवारपर्यंत ठरवा. मॅनेजरसाहेबांकडे दुसरी एक लाँड्रीवाली रोज चकरा मारतेय."

एरवी काकूंनी त्याला उभं आडवं सोलून काढलं असतं. पण त्या दिवशी त्यांना बँकेचा राग होता, सुनेचा राग होता, आणि सुनेला दाखवून द्यायचं होतं की तुझ्यावाचून माझं अडत नाही. त्यांनी कपाटातून पैसे काढले आणि बयाणा देऊन टाकला. पावती मात्र मागून घेतली. पेनची शाई उडते का, तेही बोट ओलं करून पाहिलं.

सोमवारी सह्या करायच्या होत्या. मधल्या दिवसांत काकूंना काही चैन पडेना. काय टोचतंय तेच कळेना. चादरी टबात बुडवताना अचानक त्यांच्या लक्षात आलं, की त्या विक्रेत्यानं आपल्याला एकही प्रश्न विचारला नव्हता! बँकेतल्या पोरानं काय काय विचारलं होतं: दुकान भाड्याचं की स्वतःचं, मंदीच्या महिन्यात किती काम असतं, पाणी पुरतं का, तुम्ही आजारी पडलात तर कोण बघेल. तेव्हा त्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्या अंगाची आग झाली होती. आणि हा माणूस एवढं मोठं मशीन उधारीवर द्यायला निघालाय, तर हिला फेडता येईल का, एवढंसुद्धा याला जाणून घ्यायचं नाही? ज्याला पैसे बुडायची भीती नाही, त्यानं ते आधीच कुठूनतरी वसूल करून ठेवलेले असतात.

त्यांनी ओले हात पुसले आणि हॉटेलच्या चादरींचा ढीग उजेडात ओढला. दुसऱ्याचे कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक लाँड्रीवाला चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची आपली खूण घालतो. काम बदललं की नवा माणूस जुनी खूण उसवतो, पण भोकं राहतात, एखादा टाका राहतो. काकूंनी चष्मा लावला. एकाच कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका, त्याशेजारी पिवळ्याचं टोक, त्यावर हिरवी फुली, अर्धीच उसवलेली. आणि चादर? चादर तर वर्षाचीही नसावी. एवढ्या थोड्या काळात हॉटेलनं इतक्या लाँड्र्या का बदलल्या?

साबणवाला सगळ्या लाँड्र्यांत जायचा. काकूंनी त्याला धरलं. "हिरवी फुली कुणाची?"

"रुळांपलीकडचा तो उंच माणूस. पण तो हल्ली माझ्याकडून साबण घेत नाही." साबणवाल्यानं मान फिरवली. "कुणाकडूनच घेत नाही."

रुळांपलीकडच्या त्या दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत उघडं होतं. काकूंनी त्यावर थाप मारली. आतून आवाज आला, "मालक गावाला गेलेत."

"मग तुम्ही कोण?"

"मी... मी भाडेकरू."

"भाडेकरू आहात तर शटरमागे लपताय कशाला?"

 मग शटरखाली दोन डोळे दिसले. "तुम्ही हप्तेवाल्यांकडून आलात का?"

"मी तुम्हाला हप्तेवाली दिसते?"

"परवा एक बाईच आली होती. तीही अशीच गोड बोलत होती."

"मी कुठे गोड बोलतेय?" काकू म्हणाल्या. हे मात्र त्या माणसाला पटलं असावं, कारण शटर वर गेलं.

आत मोठं मशीन होतं, चित्रातल्यासारखंच, पण त्याच्यावर खोकी, बादल्या आणि मोडकी छत्री रचून ठेवलेली. उंच माणसाचे गाल बसले होते. मशीन आलं आणि दोन-तीन महिने हॉटेलनं भरपूर काम दिलं, तो सांगू लागला. मग चादरींवर डाग राहतात अशी तक्रार आली, काम आधी निम्मं झालं आणि नंतर बंद. हप्ते चालूच. किंमत बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट लावली होती, हे त्याला फार उशिरा कळलं. "मॅनेजरला मशीनमागे वाटा मिळतो. एक लाँड्रीवाला बुडाला की दुसरा धरायचा. हप्ते थकले, आता मला कुठलीच बँक उभं करत नाही. पाटीवर काळं फासलं गेलंय माझ्या."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! लोक म्हणाले, काम गेलं म्हणून जळतोय."

काकू तिथून उठल्या, दुकानातून चादरी उचलल्या आणि थेट हॉटेलात गेल्या. धुतलेल्या चादरींचं गाठोडं त्यांनी स्वागतकक्षाच्या मधोमध टाकलं आणि पाहुण्यांसाठीच्या कोचावर ऐसपैस बसल्या. मॅनेजर धावत आला.

"काकू, मागच्या दारानं यायचं असतं..."

"माझा बयाणा परत हवा." आवाज असा की जिन्यावरचे पाहुणे थबकले. "मशीन नको मला."

"अहो, बयाणा तुम्ही कंपनीला दिलाय. माझा काय संबंध?"

"नाही ना संबंध? मग मी इथेच बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, या चादरी आजवर कुणी कुणी धुतल्या आणि ते सगळे आता कुठे आहेत."

मॅनेजरनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग काउंटरमागे जाऊन ड्रॉवर उघडला आणि पैसे आणून काकूंच्या हातात ठेवले. काकूंनी ते मोजले, नोटा उजेडात धरून पाहिल्या. "कंपनीचा बयाणा तुमच्या ड्रॉवरमध्ये काय करत होता, हे नाही विचारत," त्या उठत म्हणाल्या. "ते आता इथल्या सगळ्यांना कळलंय."

एवढा विजय मिळवूनही काकू घरी गेल्या नाहीत. त्यांचे पाय बँकेकडे वळले. एक संशय अजून फेडायचा राहिला होता.

"खरं सांगायचं," त्यांनी अधिकाऱ्याला दरडावलं. "माझ्या सुनेला तुम्ही किती देता?"

तो आधी हसला, मग काकूंचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं. "काकू, ती तुमच्याआधी एकदा एकटीच आली होती इथे. मला वाटलं, ओळखीनं काम करून मागेल. तर तिनं माझीच परीक्षा घेतली. हप्ता चुकला तर काय जप्त करता? घर जाऊ शकतं का? आईंना काही झालं तर कर्ज कुणाच्या डोक्यावर? शेवटी म्हणाली, घर धोक्यात येणार असेल तर मी आईंना इकडे आणणारच नाही."

 टेबलावरची टाचणी उचलून काकूंनी ती पुन्हा डबीत ठेवली.

घरी सून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. काकूंनी माफी वगैरे मागितली नाही. तसे शब्द त्यांना तोंडातून काढताच येत नसत. त्यांनी सगळी हकीकत सांगितली, बयाण्याचीसुद्धा, कोचावर बसल्याचीसुद्धा. सुनेनं इस्त्री उभी करून ठेवली होती आणि ती ऐकत होती. शेवटी काकू म्हणाल्या, "फिरलंच होतं माझं डोकं त्या दिवशी. भर रस्त्यात बोलायला नको होतं."

"रस्त्यातच नाही, घरातसुद्धा बोलायला नको होतं," सून म्हणाली.

"हो," काकू म्हणाल्या. "घरातसुद्धा."

काकूंनी पुढे केलेल्या किल्ल्या मात्र सुनेनं लगेच उचलल्या नाहीत. चांगले दोन आठवडे त्या तशाच फळीवर पडून होत्या.

ठेवीवरचं छोटं कर्ज काकूंनी घेतलं, आणि त्यातून कपडे सुकवायचं लहान मशीन आलं. दर महिन्याला हप्ता भरून झाल्यावर त्या अधिकाऱ्यासमोर जाऊन बसायच्या. "चढवला का? दाखवा." एकदा त्या तारखेच्या खूप आधी पैसे घेऊन आल्या, तर तो म्हणाला, "काकू, घाई नको. फक्त उशीर नको." त्यावरही त्यांनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. पण दिवस सरले, हप्ते फिटले, आणि कोऱ्या पाटीवर काकूंचं नाव उमटलं.

मोठं मशीन मग त्यांनी नवं घेतलंच नाही. उंच माणसाचं घ्यायचं ठरलं. त्या पैशांत त्याचं थकलेलं कर्ज तडजोडीनं मिटवायला कंपनी तयार झाली होती, आणि काकूंना ते नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत पडणार होतं. तरी काकूंनी मेकॅनिक नेऊन ड्रम फिरवून पाहिला. आतून घरघर आली, तेवढे पैसे कापून घेतले. उंच माणूस कुरकुरला, तेव्हा म्हणाल्या, "दया केली तर उद्या दोघंही शटरमागे लपू." त्याआधी त्यांनी एका छोट्या रुग्णालयाचं आणि दोन लॉजचं काम लेखी मिळवलं होतं. सुनेनं हिशेब मांडून ठेवला होता: ही सगळी कामं एकदम गेली तरी गल्लीतल्या इस्त्रीवर हप्ता निघाला पाहिजे. निघत नव्हता, म्हणून त्यांनी मुदत वाढवून मागितली आणि हप्ता लहान करून घेतला.

सह्यांच्या दिवशी सहकर्जदार म्हणून सून शेजारी बसली होती. काकूंनी पेन उघडलं. सुनेनं कागद आपल्याकडे ओढले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. अधिकाऱ्यानं मागवलेला चहा आला, गार झाला. काकूंनी दोनदा घसा खाकरला.

"हे विम्याचं कलम मला कळलं नाही," सून म्हणाली. "पाणी शिरून मशीन बिघडलं तर भरपाई मिळते की नाही? नीट लिहिलेलं नाही."

"ते... विचारून सांगावं लागेल," अधिकारी म्हणाला. "पण सही आज केलीत तरी..."

"मग विचारून सांग. आज सही नाही."

अधिकाऱ्यानं मदतीसाठी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पेनचं टोपण लावलं, पिशवी काखेत मारली आणि उठल्या. "मी काय सांगणार? घरचा हिशेब ती बघते."

दोन दिवसांनी कलम सुधारून आलं, सह्या झाल्या. मशीन आत यावं म्हणून गाळ्याची चौकट काढावी लागली. पहिल्या खेपेला रुग्णालयाच्या चादरी घातल्या. उंच माणूस आपणहून आला होता, कुठला खटका आधी दाबायचा ते दाखवायला. ड्रम घुमू लागला, फरशी थरथरली. सून बाहेर गिऱ्हाइकाला सुट्टे देत होती. काकू मशीनच्या पोटावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही, आणि मग वाकून खाली गळतंय का ते पाहिलं.